सुट्टीतले इंग्रजी पुस्तक आणि वर्ध्याचा धडा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये एक प्रथा आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी इंग्रजीचे शिक्षक मुलांच्या हाती पुस्तकांची एक यादी देतात. एखादी कादंबरी, एखादे नाटक, कधी एखादे चरित्र. सुट्टीत ती वाचायचीच असतात. शाळा उघडली की त्यांवर निबंध लिहायचा, चर्चा करायची किंवा चाचणी द्यायची. आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या काही इंग्रजी शाळाही अशी यादी देऊ लागल्या आहेत. मी वर्धा जिल्ह्यातल्या हायस्कुलांत अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. त्यामुळे आमच्याकडेही अशी सक्तीची यादी असावी का, असे मला पालक अधूनमधून विचारतात.

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देऊन मोकळे होता येते. पण हा प्रश्न वर्ध्यात विचारला जातो तेव्हा त्याच्यामागे एक इतिहास उभा असतो. कारण ज्या अभ्यासक्रमात इंग्रजीला पहिली सात वर्षे जागाच नव्हती आणि उन्हाळ्याच्या लांब सुट्टीलाही जवळजवळ जागा नव्हती, तो अभ्यासक्रम याच गावाच्या नावाने ओळखला जातो. 'वर्धा शिक्षण योजना' म्हणून आपण तिचे नाव परीक्षेपुरते पाठ केलेले असते. ती मुळातून पाहिली, तर सुट्टीतल्या पुस्तकाच्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. निमित्त होते मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचे. हीच शाळा पुढे नवभारत विद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. जमनालाल बजाज यांनी १९१४ साली स्थापन केलेल्या शिक्षा मंडळाशी ती जोडलेली होती. त्या वर्षी अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती आणि शिक्षणाचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, वर्षभरापूर्वीच राहायला आले होते. परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते.

परिषदेने चार गोष्टी मान्य केल्या. सात वर्षांचे शिक्षण सर्वांना मोफत आणि सक्तीचे असावे. ते मातृभाषेतून असावे. हाताने करायच्या एखाद्या उत्पादक उद्योगाभोवती ते गुंफलेले असावे. आणि कालांतराने त्या उद्योगातून शिक्षकांचा पगार निघावा. याचा तपशील ठरवायला डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शहा, ख्वाजा गुलाम सैयदैन, आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् अशी माणसे तीत होती. अवघ्या सव्वा महिन्यात, डिसेंबर १९३७ मध्ये, अहवाल तयार झाला.

त्या अहवालातले वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. शाळा रोज साडेपाच तासांची. त्यातले तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे कताई, शेती, सुतारकाम अशा कामाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटे. मातृभाषेला चाळीस मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला अर्धा तास. दहा मिनिटे व्यायाम, दहा मिनिटे मधली सुट्टी. इंग्रजीला एकही मिनिट नाही. शाळा वर्षातून २८८ दिवस चालावी, महिन्याला सरासरी २४ दिवस, अशी अपेक्षा होती. हिशेब करून पाहा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून २८८ वजा केले तर ७७ उरतात. त्यातले बावन्न रविवार काढले की सणवार, आजारपण आणि उन्हाळा धरून सुट्टीचे जेमतेम पंचवीस दिवस हाती राहतात. ज्यांनी वर्ध्याचा मे महिना अनुभवला आहे, पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाताना पाहिला आहे, त्यांना हे वाचून घाम फुटेल.

इंग्रजी का वगळली? गांधीजींनी आपली मागणी 'हरिजन'मध्ये एका सूत्रासारखी मांडली होती. मॅट्रिकपर्यंतचे सगळे विषय, त्यातून इंग्रजी वजा आणि एक उद्योग अधिक. त्यांचा स्वतःचा अनुभव या सूत्राच्या मुळाशी होता. राजकोटच्या शाळेत चौथ्या इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवले जाऊ लागले, तेव्हा भूमिती आपल्या डोक्यावरून जाऊ लागली, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. जे गणित आणि विज्ञान शिकायला चार वर्षे लागली, ते गुजरातीतून एका वर्षात सहज शिकता आले असते, असे त्यांनी १९३८ साली 'हरिजन'मध्ये पुन्हा सांगितले. त्यांचा आक्षेप भाषेवर नव्हता. परकी भाषा हे दार करून सगळे ज्ञान त्या दाराआड कोंडण्यावर होता.

महाराष्ट्रात याच प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे, हे विसरून चालणार नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले. सावित्रीबाई फुले यांनी कवितेतून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले त्यांच्यासाठी. त्यांच्या दृष्टीने इंग्रजी हे कोंडणारे दार नव्हते, उघडणारे होते. एकाच भाषेकडे दोन ठिकाणांहून पाहिले की ती अशी वेगळी दिसते. दोन्ही दृष्टी खऱ्या आहेत, आणि वर्ध्याच्या योजनेचे पुढे जे झाले ते समजून घ्यायला दोन्ही लागतात.

आता गंमत अशी की, ज्यांनी मुलांच्या अभ्यासक्रमातून इंग्रजी काढली, ते स्वतः इंग्रजीचे कसलेले वाचक होते. झाकीर हुसेन बर्लिनला डॉक्टरेट करून आलेले. प्लेटोचे 'रिपब्लिक' त्यांनी उर्दूत आणले. कुमारप्पांचे शिक्षण इंग्लंड-अमेरिकेत झालेले. ते वर्ध्याच्या मगनवाडीत बसून ग्रामोद्योगावर इंग्रजीत लिहीत. मश्रूवालांनी खलील जिब्रानचे 'द प्रॉफेट' गुजरातीत नेले आणि मेटरलिंकचे वाळवीच्या जीवनावरचे पुस्तकही. विनोबा इंटरची परीक्षा सोडून घराबाहेर पडले खरे, पण त्यापूर्वी बडोद्याच्या ग्रंथालयात त्यांचे दिवसचे दिवस गेले होते.

आणि गांधीजी? १९०९ साली त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिले. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या शेवटी वाचकाने पुढे काय वाचावे याची एक यादी जोडली आहे. तीत वीस पुस्तके आहेत. टॉलस्टॉयची सहा, थोरोची दोन, रस्किनची दोन, मग मॅझिनी, प्लेटो, कार्पेंटर, मेन आणि इतर. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त या दोन भारतीयांची पुस्तकेही तीत आहेत, पण तीही इंग्रजीत लिहिलेली. सुट्टीतल्या वाचनाची यादी म्हणून पाहिली तर आजच्या कुठल्याही हायस्कुलाच्या यादीला ती भारी पडेल.

या यादीतल्या एका पुस्तकाची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९०४ साली जोहान्सबर्गच्या स्टेशनवर पोलॉक यांनी गांधीजींच्या हाती रस्किनचे 'अन्टु धिस लास्ट' ठेवले. दरबानपर्यंतचा प्रवास चोवीस तासांचा. पुस्तक हातातून सुटेना, रात्री झोप लागेना, आणि सकाळी त्यांनी त्याप्रमाणे जगायचे ठरवून टाकले. पुढे १९०८ साली त्यांनी त्याचा सार गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिले 'सर्वोदय'. आज वर्धा जिल्ह्यात फिरताना हा शब्द किती पाट्यांवर दिसतो! तो आपल्याकडे आला तो एका इंग्रजी पुस्तकातून, आणि तोही मातृभाषेचा उंबरा ओलांडून.

या कथेचा एक भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. शाळेत असताना अभ्यासाबाहेरचे वाचन आपण जवळजवळ केलेच नाही, असे गांधीजींनी स्वतः नोंदवले आहे. नेमलेले धडे करावेत, मास्तरांचा शब्द पडू नये, एवढीच त्यांची धडपड. त्या वयात मनावर ठसलेले पुस्तक कोणते, तर वडिलांनी विकत आणलेले श्रवणाच्या पितृभक्तीवरचे नाटक. ते कोणी नेमले नव्हते. घरात पडलेले होते, हाती लागले, वाचले. म्हणजे जी पुस्तके सक्तीने वाचली ती परीक्षेबरोबर संपली, आणि जी आपण होऊन वाचली ती माणूस घडवत राहिली. नेमलेल्या वाचनाची यादी करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

झाकीर हुसेन समितीला हे ठाऊक होते असे मला वाटते. कारण मातृभाषेच्या चाळीस मिनिटांतून सात वर्षांनी काय साधावे, याची जी जंत्री अहवालात आहे, ती भाषेच्या कुठल्याही शिक्षकाला आजही उपयोगी पडेल. मुलाला रोजच्या विषयावर मोकळेपणाने बोलता यावे. वर्तमानपत्र, मासिक मनातल्या मनात समजून वाचता यावे. पुस्तकाची अनुक्रमणिका आणि सूची वापरता यावी, शब्दकोश उघडता यावा. माहितीसाठी आणि आनंदासाठी ग्रंथालयात जाण्याची सवय लागावी. घरगुती आणि कामकाजाचे पत्र लिहिता यावे. मान्यवर लेखकांच्या लेखनाची ओळख आणि गोडी असावी. यात पाठांतर नाही, प्रश्नोत्तरे नाहीत. 'आनंदासाठी' हा शब्द मात्र आहे. चरख्याची योजना म्हणून जिची थट्टा झाली, तिच्या कागदावर ग्रंथालयाला असे स्थान होते.

मग या योजनेचे झाले काय? फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ती उचलून धरली. त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि आर्यनायकम् व आशादेवी या शांतिनिकेतनातून आलेल्या जोडप्याने सेवाग्रामची शाळा उभी केली. १९४५ नंतर बालवाडीपासून उत्तर बुनियादीपर्यंत तिचा विस्तार झाला. पुढे मार्जोरी साइक्स या इंग्रज बाई तेथे शिक्षक घडवायला आल्या. केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकून १९२८ साली त्या मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या होत्या, नंतर शांतिनिकेतनात राहिल्या. इंग्रजी साहित्याची पदवीधर बाई इंग्रजी नसलेल्या शाळेत रमली, आणि पुढे नई तालीमचा इतिहासही तिनेच इंग्रजीत लिहिला, यात विसंगती काहीच नाही. ज्याला भाषेची खरी गोडी असते, त्याला ती कोणावर लादावीशी वाटत नाही.

सेवाग्रामच्या कुंपणाबाहेर मात्र चित्र वेगळे होते. सरकारी फतव्याने शाळांवर 'बुनियादी' अशी पाटी लागली. तकल्या आल्या, पण उद्योगातून गणित आणि विज्ञान कसे शिकवावे हे जाणणारे शिक्षक आले नाहीत. त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. कॉलेज इंग्रजीत, कचेरी इंग्रजीत, वरची नोकरी इंग्रजीत. ती व्यवस्था कोणी बदलली नाही. सात वर्षे मातृभाषेत आणि कामात उत्तम शिकलेला मुलगा वरच्या वर्गात गेला की समोर भिंत उभी. आणि ज्यांनी खेड्यांसाठी ही योजना वाखाणली, त्यांतल्या अनेकांनी आपली मुले इंग्रजी हायस्कुलांतच ठेवली. खेड्यातल्या बापाला लिहिता-वाचता येत नसेल, पण एवढे त्याला दिसत होते. आपल्या पोराला सूत आणि साहेबाच्या पोराला पुस्तक, ही वाटणी त्याने नाकारली. त्याला दोष देता येत नाही.

त्या नाकारण्याचाच शेवटचा टप्पा म्हणजे जून २००० मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झालेली इंग्रजी. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. निर्णयावर वाद झाले, पण खेड्यापाड्यांतल्या पालकांनी त्याचे स्वागत केले. पूर्वी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवणारी मुले आता सहाव्या वर्षीच ती म्हणू लागली.

पण इंग्रजी लवकर आली म्हणून इंग्रजी पुस्तक आले का? माझा अनुभव सांगतो की नाही. दहावी-बारावीपर्यंत पोचलेल्या कित्येक मुलांनी एकही इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेले नसते. ती धडे वाचतात, उतारे वाचतात आणि त्याहून अधिक गाईड वाचतात. बारावीच्या सध्याच्या 'युवकभारती'त कादंबरी हा वाङ्मयप्रकार आहे. तीन कादंबऱ्यांचे उतारे त्यात दिले आहेत. त्यातला एक ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' या कादंबरीतला. मुले उतारा वाचतात, पात्रांची नावे पाठ करतात आणि गुण मिळवतात. फॉग साहेब ऐंशी दिवसांत परत पोचला की नाही, हे त्यांना गाईडातल्या सारांशातून कळते.

ही कादंबरी मी सुट्टीत मुलांना सोप्या इंग्रजीतली पूर्ण वाचायला देत असे. सक्ती नव्हती, परीक्षा नव्हती. एक नकाशा आणि एक प्रश्न तेवढा सोबत देत असे. १८७२ साली फॉग मुंबईहून आगगाडीने निघतो आणि बऱ्हाणपूरवरून अलाहाबादकडे जातो. तो भुसावळला नागपूरच्या फाट्याला वळला असता, तर त्याला कोणती स्टेशने लागली असती? नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ सालीच पोचली होती. म्हणजे पुलगाव आणि वर्धा त्याच्या वाटेत आले असते! एवढे कळल्यावर पुलगावच्या पोराला ती कादंबरी परक्याची राहत नसे. शिवाय ती मूळची फ्रेंच, म्हणजे इंग्रजांनीही ती भाषांतरातूनच वाचली, हे ऐकून मुलांना धीर येई. काही जण आधी मराठी अनुवाद मिळवून वाचत आणि मग इंग्रजी उघडत. मी त्यांना कधी अडवले नाही. गोष्ट ठाऊक असली की अनोळखी शब्द आपोआप अर्थ सांगू लागतात. मातृभाषेतून पुढे जाण्याचा वर्ध्याचा मार्ग इंग्रजीच्या वाचनालाही लागू पडतो, तो असा.

उन्हाळ्यात सगळ्यांना मोकळा वेळ असतो असेही समजू नये. मे महिन्यात आमच्याकडे शेताची मशागत असते, लग्नसराई असते, घरात कुरडया-शेवयांची धांदल असते. मुली दुपारपर्यंत त्यात असतात, मुले पाण्याच्या खेपांत. खरा मोकळा वेळ दुपारचा, बाहेर ऊन मी म्हणत असते तेव्हाचा. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे दुपारी भरपूर असतात. नसते ते पुस्तक. मी जिथे नोकरी केली त्या एका शाळेत दोन मोठी कपाटे भरून पुस्तके होती. एप्रिलच्या अखेरीस साठा मोजून त्यांना कुलूप लागे आणि ते जूनमध्ये निघे. पुस्तके हरवू नयेत म्हणून ही काळजी. कारण विचारले तर नियम दाखवला जाई. ज्या दोन महिन्यांत मूल वाचू शकते, नेमके त्याच दोन महिन्यांत पुस्तक बंद.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या मुलांना सुट्टीत सक्तीची इंग्रजी यादी द्यावी का? अमेरिकेतल्या मुलाला ती यादी त्याच्या स्वतःच्या भाषेत मिळते. ती तशीच उचलून आणली, तर देवळी किंवा आष्टीच्या मुलाला त्याची मातृभाषा वगळून दिली जाईल, आणि ज्याच्या घरी पुस्तक विकत घेण्याची ऐपत आहे तोच ती पुरी करील. बाकीच्यांसाठी गाईडवाले सारांश छापतील. म्हणून सक्ती नको. पण यादी हवी. तीत मराठी आणि इंग्रजी पुस्तके शेजारी शेजारी असावीत, आपल्या मातीशी नाते सांगणारी काही असावीत, आणि पुस्तक पूर्ण वाचल्याबद्दल मुलाला चाचणी नव्हे, ऐकणारा माणूस मिळावा.

सेवाग्रामला नई तालीम समितीने २००५ साली आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू केली. तिथे मराठी हे माध्यम आहे, शेती आणि हातकाम आहे, आणि इंग्रजीही शिकवली जाते. १९३७ च्या आराखड्यात जी जागा रिकामी होती ती अशी भरली जाऊ शकते. मात्र एक शाळा सगळ्या जिल्ह्याचे काम करू शकत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्याखाली अनुदान मिळवणारी अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये गावोगाव आहेत. शाळेचे कपाट दोन महिन्यांपुरते गावच्या ग्रंथालयाच्या ताब्यात द्यावे, एवढी व्यवस्था कोणत्याही शाळा समितीला एका बैठकीत करता येईल. त्याला वेगळा निधी लागत नाही, शासनाचा आदेश लागत नाही.

झाकीर हुसेन समितीने शाळेचे २८८ दिवस मोजले होते. आपण तेवढे दिवस शाळा भरवू शकत नाही, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात भरवूही नये. पण उरलेल्या दिवसांत पुस्तकांचे कपाट उघडे ठेवता येते. सुट्टी लागण्याआधी त्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार, एवढे पालकांनी येत्या एप्रिलमध्ये शाळेत जाऊन विचारावे.